ऑस्ट्रेलियाचे नवे सिटिझन झालात? पहिलं मतदान कसं करायचं, नाव नोंदवण्यापासून त्या लांबलचक पांढऱ्या कागदापर्यंत

सिटिझनशिप सेरेमनी होते, मेयरसोबत फोटो होतो, कौन्सिलने (म्हणजे इथल्या नगरपालिकेने) दिलेलं छोटं रोपटं आणि पिशवी घेऊन माणूस घरी येतो आणि मग सगळं लक्ष जातं ते ऑस्ट्रेलियन पासपोर्ट, भारतीय पासपोर्ट सरेंडर करणं आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) या तीन गोष्टींवर. त्या पिशवीत बहुतेक वेळा मतदार नोंदणीची माहिती पण असते, ती मात्र फ्रीजवर मॅग्नेटखाली अडकवली जाते आणि तिथेच राहते. मी मेलबर्नला असते, आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांमध्ये हेच बघितलं, आणि मग इलेक्शन जाहीर झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न फिरतो, "अगं ते नाव कुठे घालायचं, आणि ते नंबर काय लिहायचे असतात?" म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवते.

१) आधी एक गोष्ट पक्की करा: इथे मतदान म्हणजे मर्जी नाही

भारतात आपण "सुट्टी आहे, बघू, ऊन कमी झालं की जाऊ" करायचो ते इथे चालत नाही. १८ वर्षं पूर्ण असलेल्या प्रत्येक ऑस्ट्रेलियन सिटिझनने नाव नोंदवणं आणि मत देणं दोन्ही कायद्याने सक्तीचं आहे. मतदानाची सक्ती १९२४ च्या कायद्याने आली, म्हणजे शंभर वर्षं झाली, आणि इथल्या लोकांना त्यात काही विशेष वाटतही नाही. केंद्राच्या निवडणुकीत कारण नसताना मत दिलं नाही तर २० डॉलर दंड. रक्कम किरकोळ आहे पण पत्राकडे दुर्लक्ष केलं तर मामला कोर्टापर्यंत जाऊ शकतो, ते कशाला.

पीआर (म्हणजे नुसती कायम राहायची परवानगी) असताना केंद्राच्या निवडणुकीत मत नसतं. (एक गंमत म्हणजे २६ जानेवारी १९८४ च्या आधीपासून यादीत असलेले ब्रिटिश लोक सिटिझन नसूनही अजून मत देतात. आपल्याला अर्थातच ती सोय नाही.) आणि तुमचा अर्ज मंजूर झाला, टेस्ट पास झालात तरी तुम्ही अजून सिटिझन नसता, सेरेमनीत शपथ घेतलीत की मग. ही टेस्ट आणि सेरेमनीमधली गॅप कधीकधी बरीच महिने असते, त्या काळात मत नाही.

२) हाताशी काय काय हवं

फार कागद लागत नाहीत. यातलं एक पुरतं:

– ऑस्ट्रेलियन ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर
– ऑस्ट्रेलियन पासपोर्टचा नंबर
– मेडिकेअर (सरकारी आरोग्य योजना) कार्ड
– सिटिझनशिप सर्टिफिकेटचा नंबर

यातलं काहीच नसेल तर कागदी फॉर्म भरून, आधीच मतदार यादीत असलेल्या ओळखीच्या माणसाची सही घेता येते. बरोबर सध्याचा पत्ता, जन्मतारीख, फोन आणि ईमेल. फोटो काढणं, शिक्के, नोटरी, असलं काहीही नाही. व्होटर आयडी कार्ड पण मिळत नाही, त्यामुळे ते कधी येणार म्हणून वाट बघत बसू नका.

३) नाव नोंदवा, आणि ते सेरेमनीच्या आठवड्यातच

ऑस्ट्रेलियन इलेक्टोरल कमिशन, सगळे एईसीच म्हणतात, त्यांच्या वेबसाइटवर ऑनलाइन फॉर्म आहे. चहा थंड व्हायच्या आत होतो. पात्र झाल्यापासून २१ दिवसांत नोंदणी करायची असा नियम आहे. एकाच फॉर्मने केंद्र, राज्य आणि कौन्सिल अशा तिन्ही याद्यांचं काम साधारणपणे होऊन जातं, वेगवेगळं करावं लागत नाही.

आता इथे आपल्या लोकांची हमखास अडकायची जागा म्हणजे नाव. आपल्या भारतीय पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं एकत्र असतं, सर्टिफिकेटवर तेच उतरतं, पण लायसन्स काढताना कोणीतरी मधलं नाव गाळलेलं असतं, मेडिकेअरवर जागा नाही म्हणून नुसतं आद्याक्षर, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं तर एका कार्डावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं. कॉम्प्युटर तुमचा नंबर आणि नाव जुळवून बघतो, त्यामुळे ज्या कागदाचा नंबर देताय त्याच कागदावर जसं नाव आहे तसंच्या तसं, स्पेलिंगसकट टाका. लायसन्सचा नंबर आणि सर्टिफिकेटवरचं नाव अशी मिसळ करू नका. जुळलं नाही तर लगेच कळत नाही, काही दिवसांनी पत्र किंवा ईमेल येतो आणि तोपर्यंत यादी बंद झालेली असू शकते.

यादी बंद होणं हा दुसरा सापळा. निवडणूक जाहीर झाल्यावर अधिकृत आदेश निघतात, आणि त्यानंतर सातव्या दिवशी रात्री ८ वाजता यादी बंद. २०२५ मध्ये आदेश ३१ मार्चला निघाले, यादी ७ एप्रिलला रात्री ८ ला बंद झाली, आणि मतदान ३ मेला होतं. म्हणजे पोस्टर-बॅनर बघून "अरे हो, नाव घालायचं राहिलं" असं बऱ्याच जणांना आठवतं तेव्हा दार लागलेलं असतं. इथे पंतप्रधान निवडणूक कधी जाहीर करतील याचा आधी नेम नसतो, म्हणून थांबूच नका.

आणि तुमची सेरेमनीच नेमकी आदेश निघाल्यानंतर पण मतदानाच्या आधी येत असेल तर? त्यासाठी तात्पुरत्या नोंदणीची सोय आहे, म्हणजे सेरेमनीच्या आधीच अर्ज करायचा, पण तोही त्याच रात्री ८ च्या मुदतीत. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

घर बदललंत तर नवीन पत्त्यावर एक महिना झाला की पत्ता अपडेट करा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास. आणि मुलं तुमच्याच अर्जात सिटिझन झाली असतील तर ती १६ व्या वर्षीच नाव नोंदवू शकतात, मत १८ ला. करून टाका, नंतर ती युनिव्हर्सिटीत गेली की तुमचं ऐकणार नाहीत.

४) आपली सीट कुठली ते शोधा

केंद्रात दोन सभागृहं. खालचं म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज, २०२५ ला त्यात १५० जागा होत्या, आपल्या लोकसभेसारखा प्रत्येक भागाचा एक खासदार. वरचं म्हणजे सिनेट, ७६ जागा, प्रत्येक राज्याला १२ आणि दोन टेरिटरींना (आपल्या केंद्रशासित प्रदेशांसारख्या) दोन-दोन. पण आपली राज्यसभा आमदार निवडतात, इथे सिनेटसुद्धा थेट लोक निवडतात, म्हणून तर दोन कागद हातात येतात.

एईसीच्या साइटवर पत्ता टाकला की तुमची सीट कळते. शेजाऱ्याला विचारून विश्वास ठेवू नका कारण हद्दी बदलत असतात, २०२५ च्या आधी मेलबर्नची हिगिन्स आणि सिडनीची नॉर्थ सिडनी या सीटच रद्द झाल्या आणि पर्थकडे बुलविंकल नावाची नवी आली. मेलबर्नच्या टार्निट, पॉइंट कुककडच्या वाढत्या सबर्बमध्ये तर रस्ता ओलांडला की सीट बदलली असंही होऊ शकतं.

उमेदवारांची नावं जाहीर झाली की साइटवर यादी येते. ती आधी घरी वाचा. बूथमध्ये उभं राहून पहिल्यांदा नावं वाचणं म्हणजे उगाच घाम.

५) कधी, कुठे

मतदान शनिवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. सहाला रांगेत असाल तर मत देऊ देतात. आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर जाऊ शकता, पण आपल्या सीटच्या बाहेरच्या केंद्रावर गेलात तर अ‍ॅबसेंट व्होट होतं, म्हणजे कागद पाकिटात घालून सही करून द्यावा लागतो, वेळ लागतो. शक्यतो आपल्याच भागात जा.

शनिवारी काम आहे, प्रवास आहे, दवाखाना आहे, तर अर्ली व्होटिंग. साधारण दोन आठवडे आधीपासून केंद्रं उघडतात. मला विचाराल तर पहिल्या वेळी शनिवारीच जा, कारण बहुतेक केंद्रं शाळांमध्ये असतात आणि शाळेचे पालक बाहेर सॉसेज भाजत, केक विकत असतात. डेमोक्रसी सॉसेज म्हणतात त्याला, २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी सेंटरने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. व्हेज खाणाऱ्यांनी ब्रेडमध्ये नुसता भाजलेला कांदा मागा, देतात, पण तवा एकच असतो हे सांगून ठेवते.

पोस्टाने द्यायचं असेल तर मतदानाच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी ६ पर्यंत अर्ज पोचला पाहिजे, खरंतर त्याच्या खूप आधी करा कारण पोस्टाचा भरवसा नाही. कागद शनिवारी संध्याकाळी ६ च्या आत भरून, साक्षीदाराची सही घेऊन पाठवायचे. साक्षीदाराची सही राहिली म्हणून मत बाद होतं, त्यामुळे ती जागा दोनदा बघा.

एक सावधगिरी: पोस्टल मताचे फॉर्म पार्ट्यांकडूनपण घरी येतात, दिसायला अगदी सरकारी. ते भरून पाठवलेत तर तुमची माहिती आधी पार्टीकडे जाते. सरळ एईसीच्या साइटवरून अर्ज करा.

६) हिरवा कागद: इथे टिक नाही, नंबर

हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, बाकीचं विसरलात तरी चालेल.

हिरवा छोटा कागद हाउससाठी. समजा आठ नावं आहेत, तर आठही चौकोनांत १ ते ८ नंबर लिहायचे. १ म्हणजे सगळ्यात आवडता, ८ म्हणजे हा तर नकोच. एकही चौकोन रिकामा नको, एकही नंबर दोनदा नको, टिक नको, फुली नको. आपला हात भारतात एका बटणावर किंवा एका शिक्क्यावर तयार झालेला, त्यामुळे नवीन माणूस १ लिहून मोकळा होतो आणि ते मत बाद. २०२२ च्या निवडणुकीत हाउसची सुमारे ५.२ टक्के मतं बाद झाली, म्हणजे साधारण वीसात एक. यात मुद्दाम कोरा कागद टाकणारेही असतात, पण नुसतं १ लिहिलेलेही भरपूर. न्यू साउथ वेल्सवाल्यांचा गोंधळ तर समजण्यासारखा आहे, तिथे राज्याच्या विधानसभेला फक्त १ लिहिलं तरी चालतं आणि केंद्राला चालत नाही.

मोजणी कशी होते ते समजलं की नंबरांची भीती जाते. आधी सगळ्यांच्या १ नंबरची मतं मोजतात. कोणाला अर्ध्याहून जास्त मिळाली तर तो जिंकला. नाही मिळाली तर सगळ्यात शेवटच्याला बाद करतात आणि त्याचे कागद उघडून त्यावर २ कोणाला दिलाय त्याच्या ढिगाऱ्यात टाकतात, असं करत करत कोणीतरी अर्ध्याच्या वर जाईपर्यंत. त्यामुळे पहिल्या फेरीत पुढे असलेला पडू शकतो. २०२५ मध्ये मेलबर्न नावाच्या सीटवर हेच झालं, ग्रीन्स पार्टीचे नेते अ‍ॅडम बँट पहिल्या पसंतीत पुढे होते पण अर्ध्याच्या खाली, आणि बाकीच्यांच्या पुढच्या पसंत्या लेबर पार्टीच्या सारा विटीकडे वळल्या, बँट हरले.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की छोट्या पार्टीला १ दिलं तर "मत वाया गेलं" असं होत नाही, तुमचं मत पुढच्या नंबराकडे जातं. आणि दुसरा गैरसमज, जो आपल्या ग्रुपवर सारखा फिरतो, की पार्ट्या आपापसात ठरवून तुमचं मत दुसऱ्याला देऊन टाकतात. नाही. हिरव्या कागदावर तुम्ही लिहिलेले नंबरच चालतात, दुसरं कोणी काही देऊ शकत नाही. गेटवर पार्टीचे लोक जी पत्रकं देतात त्यावर "असे नंबर लिहा" असतं, तो फक्त त्यांचा सल्ला. घ्या, वाचा, नको तर घेऊ नका, दोन्हीत कोणी रागवत नाही.

मी कशी करते सांगू? आधी वर कोण ते नाही, खाली कोण ते ठरवते. ज्याला अजिबात निवडून येऊ द्यायचं नाही त्याला शेवटचा नंबर, मग त्याच्या वरचा, मग १ आणि २, आणि मधले उरतात ते पाच मिनिटं वाचून लावते. नुसतं वरून खाली १, २, ३ ओढत गेलात तर मत वैध असतं, त्याला इथे डाँकी व्होट म्हणतात, पण एवढी वर्षं व्हिसा-पीआर-सिटिझनशिप करून गाढवासारखं का मत द्यायचं.

आणि एका मताने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी: २०२५ ला सिडनीच्या ब्रॅडफील्ड सीटवर फेरमोजणीनंतर निकोलेट बोएल २६ मतांनी जिंकल्या. सव्वीस. आपल्या एका गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात.

७) पांढरा कागद: लांब आहे, पण सोपा आहे

सिनेटचा कागद पांढरा आणि इतका रुंद की बूथमध्ये मावत नाही. मध्ये एक जाड आडवी रेघ असते. दोनपैकी एकच पद्धत वापरा:

– रेघेच्या वर: पार्ट्यांना नंबर, किमान १ ते ६.
– रेघेच्या खाली: एकेका उमेदवाराला नंबर, किमान १ ते १२.

पहिल्या वेळी रेघेच्या वर सहा नंबर द्या आणि मोकळे व्हा. सहाच्या पुढे लिहिलं तर अजून चांगलं, कारण तुमच्या सहाही पार्ट्या बाद झाल्या तर मत तिथेच संपतं. खालची पद्धत त्यांच्यासाठी ज्यांना एखादा ठराविक माणूस हवाय किंवा नकोय. इथे हिरव्या कागदाइतके नियम कडक नाहीत, थोडं चुकलं तरी मत वाचण्याच्या तरतुदी आहेत, पण त्यावर विसंबून राहू नका.

८) केंद्रावर प्रत्यक्ष काय होतं

ओळखपत्र मागत नाहीत. खरंच. तीन प्रश्न विचारतात: पूर्ण नाव काय, राहता कुठे, या निवडणुकीत आधी मत दिलंय का. आपलं नाव ऐकून त्यांना यादीत सापडेना तर आडनावाचं स्पेलिंग सांगा, किंवा लायसन्स पुढे करा, काम लवकर होतं. बोटाला शाई नाही, मशीन नाही, पुठ्ठ्याच्या आडोशाला उभं राहून पेन्सिलने लिहायचं. पेन्सिल बघून दचकू नका, कायदेशीर आहे, नको असेल तर स्वतःचं पेन न्या.

घरून नंबर लिहून आणलेली चिठ्ठी आत नेता येते, जरूर न्या. नंबर चुकला तर खाडाखोड करत बसू नका, तो कागद परत देऊन नवीन मागा, देतात. कागदावर स्वतःचं नाव किंवा सही करू नका, ओळख पटेल असं काही लिहिलं तर मत बाद. मग घडी घालून हिरवा एका पेटीत, पांढरा दुसऱ्या.

नवरा-बायकोने एकाच आडोशात उभं राहून चर्चा करायची नाही. पण आई-बाबा सिटिझन झालेत आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नाही किंवा डोळ्यांनी दिसत नाही, तर केंद्रप्रमुखाला सांगा, आई-बाबा ज्याला सांगतील त्या माणसाची मदत घेता येते, उमेदवार सोडून कोणाचीही. मात्र मदत म्हणजे मदत. आईला कोण हवंय ते आईने सांगायचं, तुम्ही फक्त लिहायचं.

९) मत राहिलंच तर

काही आठवड्यांनी पत्र येतं, तुम्ही मत दिल्याचं दिसत नाही, कारण सांगा किंवा २० डॉलर भरा. आजारपण वगैरे खरं कारण असेल तर लिहून पाठवा. त्या दिवशी तुम्ही ऑस्ट्रेलियाबाहेर होतात, पुण्याला लग्नाला गेला होतात, तर तेही वैध कारण आहे, तारखा लिहा. पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि आपल्याला कळतच नाही, म्हणून परत सांगते, पत्ता अपडेट.

१०) राज्य आणि कौन्सिल

केंद्राची पुढची निवडणूक २०२८ पर्यंत कधीतरी. पण त्याआधी राज्याच्या येतील आणि बहुतेकांच्या तारखा ठरलेल्या असतात: व्हिक्टोरियाची २८ नोव्हेंबर २०२६, न्यू साउथ वेल्सची मार्च २०२७. राज्यांचे नंबर लिहायचे नियम आणि दंड वेगळे आहेत, न्यू साउथ वेल्समध्ये दंड ५५ डॉलर. व्हिक्टोरियात कौन्सिलची २०२४ ची निवडणूक पूर्ण पोस्टाने झाली, म्हणजे जाहिरातींच्या गठ्ठ्यात एक पाकीट येतं आणि ते कचऱ्यात जातं. बघून टाका.

कागदावर वर जे लिहिलंय ते दर वेळी वाचायचं, एवढी एक सवय लावलीत की कुठल्याही निवडणुकीत अडत नाही.

११) आणि भारतातलं नाव

ऑस्ट्रेलियन नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्डावर "सिटिझन" लिहिलेलं असलं तरी त्याने भारतात मत मिळत नाही. गावच्या यादीत तुमचं नाव बहुधा अजून असेल, व्होटर कार्ड कपाटात असेल, आणि निवडणूक आली की चुलतभाऊ फोन करणार की सुट्टीवर आलाच आहेस तर एक मत देऊन जा. देऊ नका, तो गुन्हा आहे, आणि पुढे ओसीआयची भानगड होईल ती वेगळीच. भारताच्या निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर फॉर्म ७ भरून नाव काढून टाका. फॉर्म ६ए नावाचा पण एक आहे, तो परदेशात राहणाऱ्या पण अजून भारतीय नागरिकच असलेल्यांसाठी, तुमच्यासाठी नाही. ऑनलाइन जमलं नाही तर घरच्या कोणाला तरी गावच्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा बूथ लेव्हल ऑफिसर) पाठवा, तो फॉर्म ७ कसा भरायचा ते सांगेल, आणि नंतर यादीत नाव शोधून ते खरंच निघालंय का ते बघा.